डाव्या पायाचा स्नेअर

रॉक ऐकणाऱ्यांचे ड्रमरच्या डाव्या हाताकडे क्वचितच लक्ष जाते. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने मिटणारी झांजांची जोडी) किंवा राइड या मोठ्या झांजेवर सतत चालू असतो, त्यामुळे तो दिसतो. क्रॅश या झांजेवर पडणारी स्टिकही दिसते. डावा हात मात्र दोन गुडघ्यांमधल्या स्नेअर या तीक्ष्ण आवाजाच्या छोट्या ड्रमवर, थोडा झाकलेला राहून, आपले काम करीत असतो. चार मात्रांच्या ठेक्यात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर उजव्या पायाचा बास ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर डाव्या हाताचा स्नेअर, एवढ्यावर या संगीताची बहुतेक सगळी बांधणी उभी असते. त्यातली दुसरी आणि चौथी मात्रा काढून घेतली, तर गिटार कितीही मोठ्याने वाजो, गाणे ढिले पडते. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका रात्री माझ्या या दोन मात्रा गेल्या, आणि त्या परत मिळवायला मला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात नेमके काय काय करावे लागले, ते येथे लिहीत आहे.

मी पुण्यात वाढलो आणि तालाशी माझी ओळख ताशाने करून दिली. तेराव्या वर्षी पथकात गेलो तेव्हा मला ढोल हवा होता, पण अंगापिंडाने लहान म्हणून हातात ताशाच्या काड्या आल्या. तर्री वाजवताना दोन हातांच्या आवाजात जरा जरी फरक पडला, तरी पथकातले काका हात वर करून सगळ्यांना थांबवीत, "डावा झोपलाय तुझा," एवढेच म्हणत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावीत. नदीपात्रातल्या सरावात चार गणेशोत्सव गेले, तेव्हा कुठे माझा डावा हात उजव्याच्या बरोबरीला आला. पुढे कॉलेजात गेल्यावर तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅमपॅडमध्ये पहिल्यांदा ड्रम किटवर बसलो आणि हात तयार असल्यामुळे पायांपुरतेच शिकणे उरले, असे मला वाटले. १७ मार्च २००७ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकायला मी रात्रभर बसने प्रवास करून गेलो होतो. त्यांचा ड्रमर निको मॅकब्रेन किटमागे जवळजवळ पूर्ण झाकला गेला होता, पण एकाच पेडलवर त्याचा उजवा पाय जे वाजवीत होता, ते छातीत जाणवत होते. परतीच्या बसमध्ये मी ठरवले की हेच काम करायचे.

ते काम बाहेरून दिसते तसे नसते. २०१४ पर्यंत माझा बँड महिन्याला चार-पाच गिग, म्हणजे कार्यक्रम, करीत असे, मी अकरा मुलांना शिकवीत असे, आणि या दोन्हींतून घरखर्च जेमतेम निघत असे. ड्रमरला सगळ्यांच्या आधी पोहोचावे लागते आणि सगळ्यांच्या नंतर निघावे लागते, कारण सामान त्याचेच सर्वांत जास्त. तरीही तो माझ्या आयुष्यातला अतिशय समाधानाचा काळ होता आणि मला त्यात काहीही बदलायचे नव्हते.

नोव्हेंबरमधल्या त्या रात्री सराव संपवून सातारा रस्त्याने परतत असताना माझी दुचाकी खडीवरून घसरली. हेल्मेटमुळे डोके वाचले; पण डावा खांदा आधी जमिनीवर आपटला आणि मान दुसऱ्या बाजूला ओढली गेली. दुसऱ्या दिवशी हात जागेवर होता, हाड एकच मोडले होते, पण खांद्यापासून बोटांपर्यंत काहीही हलत नव्हते. मानेतून निघणाऱ्या पाच मज्जातंतूंच्या मुळांचे जे जाळे हाताकडे जाते, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात, आणि दुचाकीवरून पडणाऱ्यांमध्ये ही इजा पुष्कळ आढळते, हे मला तेव्हा कळले. माझी काही मुळे नुसती तुटलेली नव्हती. ती मज्जारज्जूतूनच उपटली गेली होती. भिंतीतल्या सॉकेटसकट प्लग निघून यावा तसे हे आहे, असे डॉक्टरांनी समजावले. वायर जोडता येते, पण सॉकेटच उरले नसेल तर दुसरीकडून वीज आणावी लागते. फेब्रुवारी २०१५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तीत बरगड्यांमधले तीन मज्जातंतू वळवून दंडाच्या स्नायूला जोडण्यात आले. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपर वाकवण्याची शक्ती थोडीफार येईल, बोटांची मात्र आशा ठेवू नका, असे मला स्पष्ट सांगण्यात आले. ते स्पष्ट सांगितले याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला रिक ॲलनचे नाव सांगून जात असे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डेफ लेपर्ड या बँडचा हा ड्रमर. १९७८ मध्ये पंधराव्या वर्षी बँडमध्ये आला, आणि ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळ मोटार उलटून त्याचा डावा हात तुटला. शल्यचिकित्सकांनी हात पुन्हा जोडला होता, पण जंतुसंसर्ग झाल्यामुळे तो काढून टाकावा लागला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पुढे तो एका हाताने वाजवू लागला आणि आजही त्याच बँडमध्ये आहे, ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती. लोक ती मला धीर देण्यासाठी सांगत. मला धीर नको होता; मला त्याच्या पेडलांची मांडणी हवी होती. त्याने काय सोसले यापेक्षा त्याने कोणता आवाज कोणत्या अवयवाकडे सोपवला, हा माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न कोणीच विचारीत नव्हते.

म्हणून घरी आल्यावर मी त्याच्या मैफलींची चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली आणि वहीत आकृत्या काढल्या. त्याच्या डाव्या पायासाठी चार पेडल आहेत. डावीकडून पाहिले तर पहिले हाय-हॅट बंद होण्याच्या आवाजाचे, दुसरे बास ड्रमचे, तिसरे स्नेअरचे आणि चौथे टॉम या खोल आवाजाच्या ड्रमचे. म्हणजे डाव्या हाताची कामे त्याने पायाकडे दिली, आणि पायाला एकाच जागी न ठेवता हातासारखे इकडून तिकडे फिरायला लावले. हॉस्पिटलच्या पलंगावर, पायाशी ठेवलेल्या फोमच्या तुकड्यावर त्याने हे ठोके आपटून पाहायला सुरुवात केली होती. नंतर सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर ही पेडले जोडण्यात आली. ऑगस्ट १९८६ मध्ये आयर्लंडमधल्या छोट्या मैफलींत त्याच्या सोबतीला स्टेटस क्वो बँडचा जेफ रिच दुसऱ्या किटवर बसत असे. एके दिवशी रिचला पोहोचायला उशीर झाला, ॲलनने एकट्याने वाजवले, आणि सोबतीची गरज नाही हे सगळ्यांच्या लक्षात आले. १६ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या भव्य महोत्सवात तो एकटाच किटवर होता. अपघातापासून तिथपर्यंत वीस महिनेही झाले नव्हते. पुढच्या वर्षी आलेला त्यांचा 'हिस्टेरिया' हा अल्बम जगभर लाखोंनी खपला.

त्याच्या आणि माझ्या परिस्थितीत दोन मोठे फरक होते. त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरा ड्रमर घेतला नाही, त्याची जागा राखून ठेवली. माझ्या बँडने सहा महिने वाट पाहून दुसरा ड्रमर घेतला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पोट गिगवर अवलंबून असलेल्या चार मुलांनी दोन वर्षे थांबावे, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे झाले असते. दुसरा फरक शरीराचा होता. ॲलनचा हात गेलेला आहे. माझा हात आहे, त्याला वजन आहे, आणि तो खांद्याला लोंबत असल्यामुळे उजवीकडे वळले की मागून झोका खाऊन येतो आणि तोल बिघडवतो. ताईने जाड कापडाचा रुंद पट्टा शिवून त्याला वेल्क्रो लावले. तो पट्टा बांधून हात पोटाशी घट्ट धरल्याशिवाय मला आजही किटवर बसता येत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी, मी पहिल्यांदा किटवर बसलो, आणि त्या दिवशी लक्षात आलेली गोष्ट पुढच्या सगळ्या कामाचा आधार ठरली. उजव्या हाताने हाय-हॅट आणि उजव्या पायाने बास असा साधा ठेका मी सुरू केला, स्नेअरची जागा रिकामी ठेवली, आणि थोड्या वेळाने पाहतो तो डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर आपणहून दाबला जात होता, आणि तोही बरोबर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. बहुतेक ड्रमरांना ही सवय असते. वेळ धरून ठेवण्यासाठी डावा पाय त्या मात्रांवर हलका दाब देत राहतो. म्हणजे माझ्या डाव्या पायाला त्या दोन मात्रा दहा वर्षांपासून ठाऊक होत्या. त्याला फक्त आवाज दिलेला नव्हता. मी थांबलो आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. अपघातानंतर पहिल्यांदाच मला हे काम जमण्यासारखे वाटले.

आवाज द्यायचा तर उपकरणे हवीत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी पिएझोच्या चकत्या आणल्या. रुपयाच्या नाण्याएवढी ही पितळी चकती, तिच्यावर आघात झाला की सूक्ष्म विद्युतदाब निर्माण करते. तो संकेत मोड्यूलमध्ये गेला की मोड्यूल स्नेअरचा साठवलेला आवाज सोडते. रोलँडचे टीएम-२ हे छोटे मोड्यूल मी जुने विकत घेतले. रबराच्या जाड तुकड्यामागे चकती चिकटवून त्यावर जुन्या बास पेडलचा बीटर (ठोका देणारा दांडा) पडेल अशी रचना केली, आणि पहिल्याच ठोक्याला एकाऐवजी दोन स्नेअर वाजले. बीटर रबरावर आपटून किंचित उसळतो आणि पुन्हा टेकतो, ते दुसरे टेकणेही चकती प्रामाणिकपणे कळवते. मोड्यूलमध्ये एका ठोक्यानंतर काही क्षण दुसरा ठोका न ऐकण्याची सोय असते, ती वाढवली. पण फार वाढवली तर खरोखरचे जवळजवळचे दोन ठोकेही गिळले जातात. ही एक गोष्ट जुळवायला मला तीन आठवडे लागले. मग उजवा पाय बासवर पडला की त्याच्या कंपनाने डावीकडचा स्नेअरही वाजू लागला. तेव्हा भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन मी आठ मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी करून घेतली, तिच्याखाली रबर घातले, आणि स्नेअर व फ्लोअर टॉम अशी दोन पेडले पंख्यासारख्या कोनात तिच्यावर बोल्टने बसवली. मला चार पेडले नको होती. माझा पाय दोन जागा सांभाळील, तिसरी नाही, एवढे मला तेव्हा कळत होते. हाय-हॅट क्लच नावाच्या पकडीने अर्धवट मिटलेल्या स्थितीत कायमची बांधून टाकली.

सराव मात्र फार कठीण गेला. पाय ठोका देतो, पण तो उशिरा देतो. मनगटाला स्नेअरपर्यंत जायला जे अंतर असते, त्यापेक्षा मांडी, पोटरी, घोटा आणि बीटर हा प्रवास लांब पडतो, आणि परिणामी हाय-हॅट आणि स्नेअर एकत्र न पडता "ट-टक्" असे सुटे पडतात. बसल्या जागी हे कानाला कळत नसे. फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ध्वनीची आकृती मोठी करून पाहिली, तेव्हा माझा स्नेअर सुमारे चाळीस मिलिसेकंद मागे असल्याचे दिसले. हे अंतर इतके असते की ऐकणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण गाणे जड वाटते. उपाय एकच होता: पाय आधी उचलायचा, आणि किती आधी उचलायचा ते हजारो वेळा करून अंगात मुरवायचे. मेट्रोनोम मी मिनिटाला पन्नास ठोक्यांवर लावला, जिथे कुठलीही लपवाछपवी चालत नाही. रोज सकाळी दोन तास, दुपारी दीड तास. आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करून आकडा वहीत लिहीत असे. चाळीस, अडतीस, पुन्हा एक्केचाळीस, चौतीस. वर्षअखेर तो बारापर्यंत आला आणि मग मी मोजणे सोडले.

जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे १९३५ सालचे 'स्टिक कंट्रोल' हे पुस्तक जवळजवळ प्रत्येक ड्रमरच्या घरी असते. त्याच्या पहिल्या पानावर 'आर' आणि 'एल' ही दोनच अक्षरे वेगवेगळ्या क्रमांनी मांडलेली चोवीस उदाहरणे आहेत: उजवा, डावा, उजवा, डावा, मग उजवा-उजवा, डावा-डावा, आणि पाचव्या ओळीत पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा). मी पानाच्या वर पेन्सिलीने "एल म्हणजे डावा पाय" असे लिहिले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. विद्यार्थी असताना हे पान मी आठवड्याभरात संपवले होते. या वेळी त्याला चौदा महिने लागले, आणि पॅराडिडलची ओळ आजही एका ठरावीक वेगापलीकडे स्वच्छ येत नाही.

जे परत आले नाही, त्याचाही उल्लेख करायला हवा. डावा हात मुख्य ठोक्यांच्या मधे स्नेअरवर अगदी हलके, ऐकू येतील न येतील असे ठोके देतो. आम्ही त्यांना घोस्ट नोट्स म्हणतो, आणि ठेक्याला चाल त्यांच्यामुळे येते. पायाला हे जमत नाही. पाय एक तर वाजवतो किंवा वाजवीत नाही. मधल्या पायऱ्या त्याच्याकडे फार थोड्या असतात. सहा महिने प्रयत्न करून मी तो नाद सोडला आणि ती चाल उजव्या हाताकडे नेली: हाय-हॅटवरच्या सोळाव्या भागांत (एका मात्रेत चार ठोके) कुठे स्टिकचे टोक वापरायचे आणि कुठे टोकाखालचा जाड भाग, यातून हलके-भारी काढू लागलो. शिवाय दोन्ही पाय सतत काम करू लागले की शरीराला टेकायला जमीन उरत नाही. सगळा भार बैठकीवर आणि कमरेवर येतो. पहिल्या वर्षात कंबरदुखीने मला दोनदा पंधरा-पंधरा दिवस झोपवले. स्टूल दोन इंच उंच करून आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम नेमाने केल्यावरच ते आटोक्यात आले. निकामी हाताची जळजळ हा वेगळा विषय आहे. औषधांनी ती कमी होते, जात नाही. पण वाजवायला बसलो की ती मागे सरते आणि उठलो की परत येते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी त्यावर वेळापत्रक बसवतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये, दीर्घ श्वास घेताना, डाव्या दंडात काहीतरी हलले. बरगड्यांचे मज्जातंतू तिथे पोहोचले होते. त्या तंतूंचे मूळ काम श्वासाचे, त्यामुळे सुरुवातीला श्वास भरला किंवा खोकला आला की कोपर वाकत असे. मेंदूला नवे काम हळूहळू कळते. आता मी श्वासाशिवायही कोपर वाकवू शकतो, पण सलग तीन वेगवान गाणी झाली आणि धाप लागली की पट्ट्याखाली हात पुन्हा श्वासाबरोबर वर येऊ पाहतो. आई पहिल्या रांगेत बसली होती तेव्हा तिला ते दिसले होते. ती म्हणाली, "अरे, तुझा हात आतून वाजवतोय."

जानेवारी २०१८ मध्ये, जुन्या बँडचाच बासिस्ट आणि एक नवी गिटारवादक मुलगी अशा तिघांनी पुण्यातल्या एका छोट्या जागेत पहिला गिग केला. साउंडचेकला बासिस्टने सर्वांत खालची तार छेडली आणि माझा स्नेअर आपोआप वाजला. घरच्या खोलीत हे कधी झाले नव्हते. स्टेजवरच्या स्पीकरचे कंपन पोलादी पाटीतून चकतीपर्यंत जात होते. मोड्यूलची संवेदनशीलता उतरवली तर माझा हलका ठोका हरवत होता. शेवटी जागेच्या मालकांनी त्यांच्या कार्यालयातली पायपुसणी आणून दिली, ती दुहेरी घडी करून पाटीखाली घातली, आणि मग ते थांबले. बासिस्ट पूर्वी दुसऱ्या मात्रेचा अंदाज घ्यायला माझ्या डाव्या हाताकडे पाहत असे. त्या रात्री पहिली दोन गाणी तो माझ्या डाव्या बुटाकडे पाहत होता, आणि तिसऱ्या गाण्यात तो प्रेक्षकांकडे वळला. गिग संपल्यावर पुष्कळ जण भेटायला आले आणि जिद्दीबद्दल बोलले. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण एक कॉलेजचा मुलगा थांबून राहिला आणि सगळे गेल्यावर त्याने विचारले, "सर, चौथ्या गाण्यात स्नेअर जरा मागे ठेवला होता का मुद्दाम?" तो मी मुद्दामच मागे ठेवला होता. त्या प्रश्नाने मला जे दिले, ते दुसऱ्या कशाने दिले नाही.

त्यानंतर आम्ही साठेक गिग केले. २०२३ मध्ये निको मॅकब्रेनने जाहीर केले की जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती आणि तरीही मे महिन्यात तो दौऱ्यावर निघाला होता, तेव्हा मी त्या दौऱ्याची उपलब्ध ध्वनिमुद्रणे मिळवून ऐकली, कुठे कुठे त्याने फिल (ठेक्याच्या मधे भरायचे तुकडे) सोपे केले आहेत ते टिपले, आणि त्यातली दोन आपल्या उजव्या हातासाठी घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या साव पाउलोच्या मैफलीनंतर त्याने दौरे थांबवले.

सध्या तिसऱ्या पेडलचे काम चालू आहे. बांधून टाकलेली हाय-हॅट मला परत उघडती-मिटती हवी आहे, आणि पाय तिसऱ्या जागेपर्यंत जाऊन वेळेत परत येतो की नाही, ते मी गालिच्यावर खडूने खूण करून, पेडल न लावता, रोज तपासतो. टाच जागेवर ठेवून फक्त चवडा फिरवला तर मिनिटाला शहाण्णवपर्यंत जमते. टाच उचलावी लागली की चुकते. त्यामुळे पाटीचा कोन बदलायला हवा. नवी आकृती तयार आहे, आणि येत्या सोमवारी ती घेऊन भोसरीला जायचे आहे.